टीव्हीच्या रजिस्टरातला माझा शेरा

तेरवी परवा झाली. पाहुणे गेले, सौंसरहून आलेली भावजय गेली, मंडपवाला सतरंज्या घेऊन गेला. घरात आता सुरेश आणि मी. रडायलाही अंगात जोर लागतो हे मला या दिवसांत कळलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दोन घडी पड ना वं." पडते, पण डोळा लागत नाही. काल दुपारी अशीच पडून होते, आणि सुरेशनं तुमच्या टेबलाचा खण आवरायला काढला. त्यात त्याला ते रजिस्टर सापडलं.

तहसिलीतून बडे बाबू म्हणून रिटायर झालात, पण रजिस्टराची सवय काही सुटली नाही. टीव्ही घरात आला त्याच आठवड्यात तुम्ही पट्टीनं रेघा मारून रकाने पाडले होते. तारीख, केलेली कार्यवाही, परिणाम आणि शेवटी शेरा. शेरा माझा असायचा. मी बोलायची आणि तुम्ही तो सरकारी भाषेत उतरवून घ्यायचे. सुरेशनं पलंगाच्या कडेला बसून मोठ्यानं वाचलं, "पाइप चार फूट वाढविला. सुधारणा नाही. शेरा, सौ. यांनाही अस्पष्ट दिसते." मग पान उलटलं. "नवीन बूस्टर बसविला. सुधारणा नाही. शेरा, सौ. यांचेही तेच म्हणणे." आणखी एक पान. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "आई, तुला पण दिसत नव्हतं?"

त्याला माहीत आहे, मी अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. मी म्हटलं, "चहा ठेवू का?" तो रजिस्टर मिटून म्हणाला, ठेव.

पोराला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला लिहून सांगते. मला साफ दिसत होतं. पहिले सात-आठ शेरे खरे आहेत, तेव्हा खरोखरच पडद्यावर नुसती खसखस होती. त्यापुढचे सगळे मी खोटे लिहवून घेतले. तुम्ही ज्या टीव्हीशी दोन वर्षं भांडत होतात, त्या टीव्हीत काही बिघाड नव्हता.

सेट जुनाच होता, हे खरं. बदली होऊन चाललेल्या साहेबाकडून घेतलेला, लाकडी दाराचा, ब्लॅक अँड व्हाइट. सुरू केल्यावर पाच मिनिटं नुसता गुणगुणायचा. नागपूर आपल्यापासून लांब, मध्ये टेकड्या. पांढुर्ण्यात त्या दिवसांत ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी निम्मा वेळ माणूस गच्चीवरच असायचा. तुम्ही वर अँटेना फिरवायचे, मी खालून ओरडायची, "आलं! गेलं! थांबा, थांबा, आलं!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठावर गोटमार, सावरगाव आणि आपलं गाव दोन काठांवरून एकमेकांना दगड मारणार, आणि आपलं घर नदीपासून दोन गल्ल्या आत. तरी तुम्ही आदल्या संध्याकाळी अँटेना उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायचे. मी हसायची. "सावरगाववाल्यांचा नेम एवढा लांब नाही लागत जी," म्हणायची. तुम्ही म्हणायचे, "नेमाचं नाही, चुकलेल्या गोट्याचं भेव हाय."

ते दिवस चांगले होते. आज एवढं सगळं झाल्यावरही मला ते चांगलेच वाटतात.

मग तुम्ही लोधीखेड्याहून वासुदेवला बोलावलं. तो टीव्हीचा मेकॅनिक, हाताचा साफ आणि बोलण्याचाही. त्यानं चपटी वायर काढून गोल काळी वायर टाकली, अँटेनाच्या काड्या बदलल्या, व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर बसवला, अँटेनाखाली बूस्टर लावला आणि खाली येऊन बटण फिरवलं. चित्र असं उमटलं की माझ्या हातातली परात तशीच राहिली. शेतीचा कार्यक्रम चालू होता. कपाशीच्या बोंडावरची अळी दिसत होती.

"घ्या बाबूजी," वासुदेव म्हणाला, "आता तं काच हाय काच. याच्याहून साफ नागपुरातबी येत नसंन."

तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. मग आणखी पुढे. "काच? तुह्या डोयाले काय झालं रे? समदं धुकं हाय. त्या माणसाचं तोंड तरी दिसून राह्यलं का तुले?"

वासुदेव गोंधळला. माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, तुमीच सांगा ना जी."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पडद्याकडे तोंड करून बसला होतात, गुडघे जवळजवळ काचेला टेकलेले. आणि मला तुमचे बाबा आठवले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ओसरीत बसलेले असायचे, पूर्ण आंधळे. त्यांची काठी लहानपणापासून तुमच्या हातात होती. शाळा सुटली की बाबांना नदीवर न्यायचं, बाजारात न्यायचं, पोरं मागून चिडवायची. तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं, "दुसरं काहीबी होऊ दे, हे नको." मी म्हटलं, "थोडं धूसरच आहे, वासुदेवभाऊ."

"पाय!" तुम्ही म्हणालात. "दोघा माणसाईले दिसत नाही, अन् एकट्या तुले दिसते?"

वासुदेव बिचारा पुन्हा गच्चीवर चढला. मी आत जाऊन पोळ्या लाटल्या. मला वाटलं होतं, आजच्या दिवसापुरतं आहे.

तुमचा राग आला नाही असं नाही. दर दोन महिन्यांनी तुम्ही काहीतरी आणायचे. आणखी उंच पाइप, मग त्या पाइपाला धरून ठेवायला तारा, मग दुसरा बूस्टर, मग कुणीतरी सांगितलं म्हणून पडद्यापुढे लावायची निळी काच. आणि प्रत्येक वेळी मला समोर बसवून विचारायचे, "सांग, काही फरक?" माझ्या हातात कणीक असायची, गॅसवर दूध असायचं. कधी कधी वाटायचं, ओरडून सांगावं की अहो, डोळे दाखवा एकदाचे. तोंडाशी यायचं आणि परत जायचं. तुमचा पेन शेऱ्याच्या रकान्यावर थांबलेला असायचा. मी म्हणायची, तसंच आहे.

सौंसरचा तो रविवार तर माझा अपराधच. माझ्या धाकट्या भावानं, मधूनं, संत्र्याचा बगीचा चांगला गेला म्हणून रंगीत टीव्ही घेतला आणि आपल्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. सौंसर नागपूरला आपल्याहून जवळ, सेट कोरा, अँटेना नवी. मधूला तुमची खोड काढायची हौस. "भाऊजी, इकून टाका आता तो डब्बा. कायले त्याच्यामागं गच्चीवर चढून राह्यले जी या वयात?" बातम्या लागल्या. बाईनं पोपटी साडी नेसली होती, काठ जांभळा. तिच्या गळ्यातल्या मोत्यांचा एकेक मणी मोजता आला असता.

"कसा वाटला पिक्चर, भाऊजी?"

"रंग बरा हाय," तुम्ही शांतपणे म्हणालात. "पण धुकं इथंबी तेच."

पोरं एकमेकांकडे पाहून तोंड दाबायला लागली. मधू उठून पडद्याजवळ गेला, "धुकं? कुठं जी धुकं?" आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. वासुदेवनं पाहिलं होतं तसंच. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायला मला आता जागा नाही. पण माझ्या माहेरच्या घरात, माझ्या भावाच्या पोरांसमोर तुमचं हसं झालेलं मला बघवलं नाही. "हो ना मधू," मी म्हटलं, "थोडं आहे खरं."

जेवणानंतर मधू स्वयंपाकघरात माझ्यामागे आला. "ताई, भाऊजीचे डोये दाखव. खरंच सांगून राह्यलो." मी त्याला फाडकन म्हटलं, "तू आधी तुझा टीव्ही दाखव." परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसला होतात, कधी नाही इतके खुशीत. "पाह्यलं? नवा घेऊनबी तेच. आपला सेट खराब नाही, नागपूरहूनच तसं येते." रामाकोन्याचं कुणी ओळखीचं बसमध्ये भेटलं, त्यालाही तुम्ही ते समजावून सांगितलंत. मी डोकं दांडीला टेकून झोपेचं सोंग घेतलं. घरी आल्यावर रजिस्टरात नोंद केलीत. सौंसर येथे रंगीत संचावर तपासणी केली, परिणाम तोच. शेरा तुम्ही मला न विचारताच लिहिलात.

त्यानंतर एक वर्ष गेलं. पूर्ण एक वर्ष.

त्या वर्षातली एक संध्याकाळ मला सोडत नाही. मी देवापाशी दिवा लावत होते आणि तुम्ही बाहेरून हाक मारलीत, "अवं, इकडं ये लवकर! रंग येऊन राह्यला!" मी आले. तुम्ही पडद्यासमोर उभे, चेहरा लहान पोरासारखा फुललेला. "पाय ना, कडंनं. तांबडा, निळा. म्या म्हनत नव्हतो का, बूस्टर चांगला असंन तं या सेटमंदीबी कलर उतरंन?" पडद्यावर काळ्या-पांढऱ्यात कुणीतरी भाषण करत होतं. तुम्ही शेजारच्या दोघांना हाक मारली. ते आले, पाहिलं, एकमेकांकडे बघून हसले आणि "हो बाबूजी, येऊन राह्यला" म्हणत निघून गेले. अंगणात त्यांचं हसणं मला ऐकू आलं. तुम्हालाही आलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून ते तीन रंगांचं प्लास्टिक आणलं. वर निळं, मध्ये तांबूस, खाली हिरवं. त्या दिवसांत जुन्या टीव्हीवर लोक ते लावायचे आणि रंगीत झाला म्हणायचे. तुम्ही झोपला होतात तेवढ्यात मी ते पडद्यावर बसवलं. का, ते नीट सांगता येणार नाही. कुणी पुन्हा आलं तर तुम्ही खोटे पडू नये, एवढंच डोक्यात होतं. तुम्ही उठलात, टीव्ही लावलात आणि बराच वेळ बघत राहिलात. मग काचेवरून हात फिरवलात. प्लास्टिकची कड तुमच्या बोटाला लागली. तिथेच बोट ठेवून तुम्ही थोडा वेळ उभे होतात. रजिस्टरात त्यानंतर एकही नोंद नाही.

इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. हे भांडण आपलं अर्धवट राहिलं आहे आणि मेलेल्या माणसाशी भांडू नये असं कुणी म्हणालं तरी मी भांडणार. तुम्हालाही माहीत होतं. कंदिलाभोवती रंगाचं कडं दिसतं असं तुमचे बाबा डोळे जायच्या आधी म्हणायचे, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, आपल्या लग्नाच्या पहिल्या वर्षात. ते कडं तुम्हाला टीव्हीभोवती दिसलं आणि तुम्ही त्याला बूस्टर म्हणालात. वासुदेव सांगत होता, मधू सांगत होता. तुम्हाला माझा शेरा हवा होता, कारण तो तुमच्या मनासारखाच पडायचा. मी खोटं बोलले, ते माझं. पण तुम्ही ते रोज मागून घेतलंत.

बँकेतल्या बाबूनं शेवटी जे करायचं ते केलं. पेन्शनच्या कागदावरची सही जुळत नाही म्हणाला. तीन वेळा केलीत, तिन्ही वेळा ओळीच्या खाली गेली. ज्या माणसाच्या सहीवर तहसिलीतली कागदं हलायची, त्याला तो म्हणाला, "बाबूजी, अंगूठा लगा दीजिए।" तुम्ही अंगठा लावला नाही. घरी येऊन म्हणालात, "नागपूरले जाऊ."

नागपूरच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत खूप वेळ लावला. मोतीबिंदू होता, तो काढता आला असता. पण मागे काचबिंदू बसला होता आणि त्यानं नस सुकवली होती. "साल-छह महिने पहले लाते," ते मला म्हणाले, तुम्हाला नाही. तुम्ही ऐकलंत. परतीच्या पॅसेंजरमध्ये डबा रिकामाच होता. काटोल गेलं, नरखेड गेलं. मग तोंड माझ्या बाजूला वळवून, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं असं विचारावं तसं विचारलंत, "सौंसरले तुले साफ दिसत होतं ना?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पांढुर्ण्याला उतरताना तुम्ही माझा हात न धरता दांडी धरलीत आणि पायरी चुकली.

नंतरची दोन वर्षं माझ्या हाडांत बसली आहेत. आंधळ्या माणसाची सेवा अवघड नाही. आंघोळ, जेवण, ताटात कुठे भाजी कुठे वरण ते सांगणं, याची सवय होते. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं सोडलं होतंत. मी म्हणायची, पाच वाजले. तुम्ही रस्त्यावरून जाणाऱ्याला विचारायचे, "काहो, किती वाजले जी?" मी म्हणायची, दुधात साखर घातली आहे. तुम्ही चमच्यानं चाखायचे. टीव्ही लावून तुम्ही नुसता आवाज ऐकायचे, आणि मध्येच कार्यक्रम बंद पडला की मी सांगायची, चित्र गेलं, नागपूरहूनच गेलं. तुम्ही शेजारच्या सुनेला हाक मारायचे, "बाई, खरंच गेलं का वं?"

एकदा माझा तोल गेला. "मी काय दर वेळी खोटं बोलते?"

"दर वेळचं मले काय माहीत," तुम्ही म्हणालात. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

तरी तुम्ही माझ्याच हातचं खात होतात, माझ्याच खांद्यावर हात ठेवून मंदिरात येत होतात. कधी सुरेशचं पत्र आलं की मला वाचायला लावायचे, आणि मग तेच पत्र घडी करून खिशात ठेवायचे, दुसऱ्या कुणाकडून पुन्हा वाचून घ्यायला. मला ते दिसायचं. पत्रातला एक शब्दही मी कधी बदलला नाही, पण ते कोण मानणार?

आणि मग तो मंगळवार. छातीत दुखायला लागलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत तुम्हाला बरं वाटत होतं. डॉक्टर तरुण होता, बाहेरून बदलून आलेला. कागद हातात घेऊन आला, तुमच्या खांद्यावर थोपटलं आणि मोठ्यानं म्हणाला, "सब ठीक है बाबूजी, दो दिन में घर भेज देंगे।" तुम्ही हात जोडलेत. त्याच्या बुटांचा आवाज व्हरांड्यात जाईपर्यंत थांबलात. मग उशीवर मान वळवलीत.

"अवं."

"काय जी?"

"हे सांगतानी त्याचं तोंड कसं होतं?"

माझ्या तोंडाशी सगळं तयार होतं. हसरं होतं, चांगलं होतं, काळजी करू नका. इतकी वर्षं जे बोलत आले तेच. मी पलंगाची लोखंडी कड धरली.

"तुमच्याकडं पाहत नव्हता तो," मी म्हटलं. "कागदाकडं पाहत होता. अन् आता बाहेर उभा राहून सिस्टरशी हळू बोलून राह्यला. तोंड उतरलं आहे त्याचं."

मला वाटलं, मी तुम्हाला मारलं. मग तुम्ही हात पुढे केलात, हवेत, आणि मी तो धरला. तुमची बोटं गार होती.

"मंग सुरेशले आजच फोन लाव," तुम्ही म्हणालात. "दोन दिवस थांबू नको."

मी पोस्टात जाऊन भिलाईला ट्रंक कॉल लावला. म्हणूनच सुरेश दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तुम्ही त्याच्याशी तासभर बोललात, त्याच्या पोरीचं नाव घेतलंत आणि संध्याकाळी गेलात. तो सारखा म्हणतो, आई, वेळेवर कळवलंस. मी मान हलवते.

पण त्याला जे माहीत नाही ते तुम्हाला सांगून थांबते, कारण आता हात दुखायला लागला आहे. मी फोन लावायला उठले तेव्हा सिस्टर आत आली. मी दारात थांबले. का थांबले ते तुम्ही ओळखालच. तिनं सलाइनची बाटली पाहिली, तुमची चादर सारखी केली, अगदी तुमच्या तोंडाजवळ वाकली. तुम्ही जागे होतात. तुम्ही तिला काही विचारलं नाहीत.